अजून चावत नाही

१

सेव्दाताई गेल्यानंतर आमच्या घरात दही कोण लावत होतं?

हा प्रश्न मी आईला विचारला, बाबांना विचारला, शेजारच्या तोन्काआजीला विचारला. देवळात मेणबत्ती लावताना मनातल्या मनात तिथंही विचारला. आई लगेच उठून कशाला तरी हात घालायची. बाबा खिडकीबाहेर बघायचे.

आमच्याकडे दही रोज लागतं. सकाळी पावाबरोबर, दुपारी घेवड्याच्या आमटीनंतर, उन्हाळ्यात पाणी आणि काकडी घालून. संध्याकाळी धार काढायची, दूध तापवायचं, निवलं की कालच्या दह्याचं विरजण घालायचं आणि पातेलं लोकरीत गुंडाळून चुलीशेजारच्या बाकावर ठेवायचं. हे सगळं ताई करायची. तिचा नवरा स्पेनला कामाला गेला आणि तिकडचाच झाला, तशी ती नेदाला कडेवर घेऊन माहेरी परत आली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं आईच्या हातातून पातेलं घेतलं, ते घेतलंच. त्यानंतर दह्याबद्दल घरात कुणी बोललं नाही. ते टेबलावर असायचं. आम्ही खायचो.

दूध किती निवलं हे ती करंगळीनं बघायची. शेजारी स्टुलावर नेदा उभी. "दुधानं बोट चावलं पाहिजे, पण तोडता कामा नये," असं ताई तिला शिकवायची. नेदा सारखी विचारायची, चावलं का? ताई म्हणायची, अजून कुत्र्यासारखं चावतंय, थांब. मग थोड्या वेळानं, आता मांजरीच्या पिल्लासारखं. तेव्हा विरजण घालायचं. तो त्या मायलेकींचा रोजचा खेळ होता. मी बूट काढत दारात बसायचो आणि ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

२

फेब्रुवारी संपत आला होता. ताईनं दूध विरजलं, अंगातलं हिरवं लोकरी स्वेटर काढून पातेल्याला गुंडाळलं, आणि डोकं धरून बाकावर बसली. मला म्हणाली, देल्यान, दिवा जरा कमी कर. दिवा लावलेलाच नव्हता. अजून उजेड होता.

रस्ता बर्फानं भरलेला. आम्ही जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, डोक्यातली शीर फुटली. तेवढंच म्हणाले. ताई तीसचीही नव्हती.

आम्ही तिकडे असताना तोन्काआजीनं घर बघितलं. आरशावर कापड टाकलं. बादल्यांतलं, किटलीतलं, घागरीतलं सगळं पाणी ओतून दिलं, कारण मेलेल्या माणसाच्या घरात भरलेलं भांडं ठेवत नाहीत, जीव त्यात अडकून राहतो म्हणतात. स्वेटरात गुंडाळलेलं पातेलं तिला दिसलं नाही. दिसलं असेल तर तिला तो कपड्यांचा बोळा वाटला असेल.

माती देऊन आलो त्या दुपारी बाबांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. आई काहीतरी शोधत बाकापाशी गेली आणि तिनं स्वेटर उलगडलं. आत दही लागलेलं होतं. घट्ट, पांढरं, वर सायीचा पिवळा थर. आई बराच वेळ ते मांडीवर घेऊन बसली. मग तिनं चार चमचे आणले.

ताईच्या हातचं शेवटचं म्हणून आम्ही ते हळूहळू खाल्लं. नेदानं पातेल्याच्या कडेला बोट फिरवून चाटलं. विरजणापुरतंसुद्धा उरलं नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी लाकडं ओढायला जंगलात वर गेलो. शनिवारी खाली आलो तेव्हा टेबलावर दही होतं. मी पाव बुडवून खाल्लं. मला काही सुचलं नाही. जे रोज समोर येतं त्याच्याकडे कोण बघतं?

३

मार्च सगळा असाच गेला. फाटकावर ताई गेल्याचं कळवणारा, तिचा फोटो छापलेला कागद चिकटवला होता, पावसानं त्यातले डोळे आधी पुसट झाले. मी आठवडाभर जंगलात आणि रविवार घरी. घरी असलो की कुणाशी तरी भांडायचो. एकदा पाववाल्याशी भांडलो, कारण त्यानं विचारलं, ताई कशी आहे. त्याला माहीत नव्हतं. नंतर मी त्याची माफी मागायला गेलो आणि तिथं पुन्हा भांडलो.

ताईच्या चाळीस दिवसांच्या विधीच्या आदल्या दिवशी मी न्याहारीला बसलो होतो. बाबा दही वाढून घेत होते. ते चमचा पातेल्याच्या कडेकडेनं फिरवत होते आणि मधला भाग सोडत होते. मी म्हटलं, बाबा, मधलं का टाकता? ते म्हणाले, पोरीनं बोट घातलंय तिथं, ते तिचं तिला राहू दे.

मी वाकून बघितलं. सायीच्या मधोमध एक खळगा होता, करंगळी मावेल एवढा.

मी नेदाकडे बघितलं आणि डोळे वटारले. ती पाच वर्षांची आहे. तिनं जीभ टाळ्याला लावून "च्" केलं, म्हणजे मी नाही.

"मग काय उंदरानं घातलं?"

"उंदराला बोटं नसतात मामा," ती म्हणाली, आणि पाव चावत राहिली.

मी हसलो. मग पुन्हा बघितलं. मी सातवीनंतर शाळेत गेलो नाही, पण दह्यात बोट घातलं तर काय होतं हे मला कळतं. साय फाटते. दही मोडतं, पाणी सुटतं. इथं साय फाटली नव्हती. ती त्या खळग्यात गुळगुळीत आत उतरली होती, तळापर्यंत, जशी पातेल्याच्या कडेला चिकटते तशी. लागलेल्या दह्यात कुणी बोट घातलं नव्हतं. दूध पातळ असतानाच बोट आत होतं, आणि दही त्याच्याभोवती लागलं होतं.

म्हणजे बोट रात्रभर दुधात होतं.

मी तिथं माझी करंगळी घालून बघणार होतो. घातली नाही.

४

त्या दिवशी मी आईला विचारलं. ती गहू निवडत होती, दुसऱ्या दिवशी ताईच्या नावानं वाटायला. मी म्हटलं, आई, दही तू लावतेस ना? तिचा हात गव्हात थांबला. हळू आवाजात म्हणाली की बाबा लावतात. आपल्याला कळू न देता लावतात, म्हणून आपणही बघत नाही. पुरुषमाणूस आहे, रडायला येत नाही, असं काहीतरी करतो. तू बोलू नकोस, त्यांना लाज वाटेल.

मी गोठ्यात गेलो. बाबा गाईच्या पायाला मलम लावत होते. त्यांना विचारलं तर ते आधी रागावले. मग म्हणाले, "तुझी आई लावते. मी धार काढून दूध चुलीवर ठेवतो आणि बाहेर येतो. तिला तेवढा वेळ एकटीला पाहिजे असतो."

"आई म्हणते तुम्ही लावता."

बाबांनी मलमाचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही म्हणून काढून पुन्हा लावलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, घरात जा, थंडी आहे.

दोघंही एकमेकांना सांभाळत होती. चाळीस दिवस दोघंही संध्याकाळी स्वयंपाकघरातून बाहेर पडत होती, दुसऱ्याला मोकळं रडता यावं म्हणून. त्या वेळी आत कोण असायचं?

माझं डोकं फिरलं की मला थांबता येत नाही. मी आत जाऊन पातेलं उचललं आणि सगळं दही अंगणात कुत्र्यापुढे ओतलं. वाटलं, कुत्रा केस ताठ करून मागे सरेल. त्यानं शेपूट हलवत सगळं चाटून पुसून खाल्लं आणि माझे हातही चाटले. मला हायसं वाटलं. पातेलं मी राखेनं घासलं, उकळतं पाणी ओतलं, पालथं घातलं. घरात विरजणाचा थेंब राहिला नाही.

सकाळी बाकावर हिरव्या स्वेटरात पातेलं होतं. दही लागलेलं. मधोमध खळगा.

५

मी स्वतःला समजावलं की हे नेदाचं काम आहे. आईचं बघून शिकली असेल, विरजण कुठंतरी लपवून ठेवत असेल. पोरं काय काय करतात. तिची करंगळी मी बघितली तेव्हा टोक पांढरं आणि सुरकुतलेलं होतं, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखं. झालं तर मग, मी म्हटलं. चोर सापडला.

पण त्या खळग्यात तिची दोन बोटं मावली असती.

एप्रिल संपत आला तेव्हा तोन्काआजी वाडगा घेऊन फाटकातून ओरडत आली. आईनं चार दिवसांपूर्वी तिला विरजण दिलं होतं, कारण तिचं नासलं होतं. आजीचं वय ऐंशीच्या पुढं, दात तीन, आणि तोंड गावात सगळ्यात मोठं.

"तुमच्या पोरीला आवर घाला," ती म्हणाली. "भिंतीवरून चढून येते का धुराड्यातून उतरते कोण जाणे. माझ्या घरात येऊन माझ्या दह्यात बोटं घालते. मी म्हातारी असले तरी आंधळी नाही."

तिनं वाडग्यावरचं फडकं काढलं. मधोमध खळगा.

नेदा दोन दिवस तापानं अंथरुणात होती, आईनं तिला क्षणभरही सोडलं नव्हतं. मी आजीला तेवढं सांगितलं. आजीनं वाडग्याकडे बघितलं, मग बाकावरच्या हिरव्या स्वेटराकडे. तिच्या तोंडातली सगळी मस्करी निघून गेली.

"पाणी मी ओतलं होतं," ती हळूच म्हणाली. "दूध होतं का कुठं?"

मी विचारलं, आजी, मग दही लावतं कोण? तिनं डोक्यावरच्या रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली. वाडगा आमच्याच टेबलावर ठेवून ती निघून गेली. जाताना फाटकावरच्या फोटोपुढे तिनं हातानं क्रूसाची खूण केली. रोज करते, पण त्या दिवशी भिंतीला चिकटून गेली.

६

त्यानंतर मी कामावर गेलो नाही. मुकादमाला निरोप पाठवला की पाय मुरगळला.

संध्याकाळी बाबा धार काढून दूध चुलीवर ठेवून गेले. आई कोंबड्या कोंडायला गेली. मी अंगणात खिडकीसमोर लाकडं फोडत राहिलो. उजेड चांगला होता. खिडकीतून चूल दिसत होती, बाक दिसत होता, खुंटीवरचं स्वेटर दिसत होतं.

नेदा आली. तिनं स्टूल ओढलं, वर चढली. मी कुऱ्हाड खाली ठेवली. मला बरं वाटलं, खरंच सांगतो. माझा अंदाज बरोबर होता.

तिनं उजवा हात पुढे केला आणि करंगळी दुधावर धरली. हात सरळ होता, पण मनगट वर उचललेलं होतं आणि बाकीची बोटं सैल लोंबत होती. आपण आपला हात असा धरत नाही. आपला हात दुसऱ्यानं धरला तर तो असा दिसतो. आणि ती दुधाकडे बघत नव्हती. मान वर करून डावीकडे बघत होती, स्वतःपेक्षा उंच कुणाकडे तरी. बघून हसत होती.

पातेल्याच्या कडेनं दूध उकळत होतं.

मी दारातून कसा गेलो ते आठवत नाही. तिला उचललं तेव्हा करंगळी दोन पेरांपर्यंत दुधात होती. लाल झाली होती, बघता बघता फोड आला. ती रडली नाही. मी तिचा हात गार पाण्यात घातला आणि तिच्यावर ओरडत राहिलो, वेडी आहेस का, चावत नाही का तुला?

"मला चावतं, मामा," ती म्हणाली. "पण तिला चावत नाही. ती म्हणते, अजून चावत नाही, थांब."

स्वयंपाकघर गरम होतं. चूल पेटलेली होती. माझ्या डाव्या बाजूला, बाकाच्या आणि चुलीच्या मधे, गारवा होता. एक माणूस उभं राहील एवढ्या जागेत.

मी मागे वळून बघितलं नाही. नेदा बघत होती.

७

आईनं फोडावर लोणी लावून कापड बांधलं. मी म्हटलं, पातेलं नदीत टाकतो, स्वेटर जाळतो. आईनं पातेलं पोटाशी धरलं.

"येते तर येऊ दे," ती म्हणाली. "तुझी बहीण गेली. माझी मुलगी गेलीय."

"आणि ही तिची मुलगी आहे," मी म्हटलं. "उद्या पूर्ण हात घालायला सांगेल. तिला कळत नाही आई. तिला आता गरम कळत नाही."

हे बोलून मीच घाबरलो. ताई नेदाचं केसाएवढंही वाईट करणार नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच कुणी तिला अडवणार नव्हतं. नेदा रोज संध्याकाळी विचारणार होती, चावलं का, आणि ताई रोज खरं उत्तर देणार होती, अजून नाही.

बाबा तोपर्यंत दारातच उभे होते. म्हणाले, परवा संत गेओर्गीचा सण आहे.

आमच्याकडे विरजण एक वर्ष चालतं. संत गेओर्गीच्या दिवशी जुनं संपवतात आणि पहाटेच्या दवावर नवं लावतात. दव बायका आणतात. कापड गवतावरून ओढायचं, पिळायचं, आणि ते पाणी घेऊन दुधापाशी पोचेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. गेली काही वर्षं ते ताईच आणायची.

आईनं पातेलं सोडलं नाही. पण सणाच्या आदल्या संध्याकाळी तिनं पातेलं टेबलावर ठेवलं आणि चार चमचे आणले. आम्ही पावाशिवाय खाल्लं. बाबांनी या वेळी मधलं सोडलं नाही. त्यांनी चमचा खळग्यात घातला, तोंडात घेतला, आणि घास कितीतरी वेळ गिळला नाही. आईनं पातेलं राखेनं घासलं. मग तिनं पेटीतून एक धुतलेलं कापड काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"मी गेले तर मी परत तिलाच बोलावीन," ती म्हणाली. "तू जा."

८

पहाटे मी ओढ्याच्या कुरणात गेलो. गवत पांढरं झालं होतं. मी कापड ओढत चाललो, बायका ओढतात तसं, वाकून. खांद्यावर ओंडके घेणाऱ्या माणसाला ते जमत नाही. कापड काट्यांत अडकायचं. शेवटी ते पेल्यात पिळलं.

परतताना तोन्काआजी तिच्या दारात सणाच्या हिरव्या फांद्या बांधत होती. मला बघून तिला राहवलं नाही.

"अग बाई, यंदा गावाला नवी सून मिळाली. मिशा मात्र भादरून यायचं होतं."

मला तोंड बंद ठेवायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला उलटून बोललो नाही. तिला माझ्या हातातला पेला दिसला, तेव्हा ती गप्प झाली आणि वाटेतून बाजूला झाली.

घरी दूध तापून टेबलावर ठेवलेलं होतं. आई आणि बाबा नेदाला घेऊन अंगणात उभे होते. नेदाचे दोन्ही हात आईनं आपल्या शालीखाली घट्ट धरले होते. मी आत गेलो आणि दार लावलं.

दुधावर वाफ होती. मी टेबलाशी उभा राहिलो आणि करंगळी आत घातली.

मला काही कळलं नाही. ही गोष्ट मी आधी लक्षातच घेतली नव्हती. दोर ओढून ओढून माझ्या बोटांची कातडी मेली आहे. निखारा उचलला तरी आधी वास येतो, मग कळतं. दूध उकळतं होतं का कोमट, मला सांगता आलं नसतं. मी तसाच उभा राहिलो, ती उभी राहायची तसा.

मग डाव्या बाजूनं गारवा आला. माझ्या बोटाशेजारी, दुधात, एक खळगा पडला. पातळ दुधात. करंगळी मावेल एवढा. दूध त्याच्याभोवती कशाला तरी टेकून उभं होतं, आणि आत रिकामं होतं, तळाचं पांढरं एनॅमल दिसत होतं. तो हलत नव्हता. तो वाट बघत होता. मी मान वर केली नाही. मला बघायचं होतं, आईशपथ बघायचं होतं. एकदा तरी तोंड दिसलं असतं. पण बघितलं असतं तर मला खोटं बोलता आलं नसतं.

बाहेर नेदा आईला काहीतरी विचारत होती.

"चावलं, ताई," मी म्हटलं. त्या दिवसाचा तो माझा पहिला शब्द. "मांजरीच्या पिल्लासारखं. आता पुरे. काढ बोट."

खळगा थोडा वेळ तसाच राहिला. मग तळापासून हळूहळू भरत वर आला, आणि वर एक लहानसं वलय उठून पातेल्याच्या कडेला विरून गेलं.

मी बोट बाहेर काढलं. घालून जेमतेम दोन मिनिटं झाली असतील. टोक पांढरं आणि सुरकुतलेलं होतं, रात्रभर पाण्यात राहिल्यासारखं.

मी पेल्यातलं दव दुधात ओतलं. झाकण ठेवलं. खुंटीवरचं हिरवं स्वेटर उतरवून घडी करून पेटीत ठेवलं. मग माझ्या अंगातलं जाड जाकीट काढून पातेल्याला चारी बाजूंनी गुंडाळलं, बाह्यांची गाठ मारली, बाकावर ठेवलं, आणि नुसत्या सदऱ्यावर जंगलाची वाट धरली.